मागे बसलेल्या आत्याने बेल्ट लावला नाही, तर हजार रुपये मी का भरायचे?

पौडरोडकर:
आमची आत्या ७४ वर्षांची. गाडीत मागे बसते आणि बेल्ट लावत नाही. "मागे कशाला लागतोय तो? पैठणीची घडी मोडते," एवढं म्हटलं की तिच्या बाजूने विषय संपला. रविवारी लग्नाहून येताना पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. माझा बेल्ट होता, पुढे बसलेल्या बायकोचा होता, आत्याचा नव्हता. चलन माझ्या नावावर, १००० रुपये. म्हटलं, ज्यांनी लावला नाही त्यांना करा की दंड. तर म्हणे कायद्यात असंच आहे. घरी येऊन पाहिलं, खरंच असंच आहे. २०१९च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९४ब: बेल्ट न लावता गाडी चालवणारा, किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेणारा, दंड त्यालाच.

बेल्ट चांगला की वाईट हे मला सांगू नका, मी पार्किंगमधून गाडी काढतानाही लावतो. पण स्वतःची पेन्शन स्वतः मोजून घेणाऱ्या बाईने आपल्या जिवाचं काय करावं हे सरकार ठरवणार? आणि ठरवायचंच आहे तर तिला सोडून भाच्याची मान का धरता?

(आत्याने हजार रुपये देऊ केले होते. घेतले नाहीत. घेतले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.)

शनिवारातला शहाणा:
प्रश्न जुना आहे. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की माणसावर जबरदस्ती करायची तर दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात आजही प्रौढांना बेल्टची सक्ती नाही. पेल्ट्झमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये असंही मांडलं की गाडी सुरक्षित झाली की चालवणारा जास्त बेफिकीर होतो आणि त्याची किंमत पायी चालणारा मोजतो. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

आणि सक्तीचं कौतुक पुण्याला सांगू नका. २०१९च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती आली तेव्हा याच शहरात मोर्चे निघाले. सरकारचाच आकडा बघा: २०२२ मध्ये देशात अपघातांत बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेले, हेल्मेट न घातलेले ५०,०२९. म्हणजे आत्याच्या पैठणीपेक्षा मोठं काम बाहेर पडलंय. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ट्रकचे ब्रेक जातात, तिथे आधी लक्ष घाला.

घाटातला गाडीवाला:
मी टूरिस्ट गाडी चालवतो. पुणे ते मुंबई एअरपोर्ट, बहुतेक रात्रीची भाडी. मिल कोण ते मला ठाऊक नाही, पण मागची सीट मला पाठ आहे.

पहिली गोष्ट, अर्ध्या गाड्यांत मागे बेल्ट लावताच येत नाही. मालक नवे सीट कव्हर बसवतो आणि बकल त्याच्याखाली दडपतो. पॅसेंजर चाचपतो, सापडत नाही, सोडून देतो. मी माझ्या गाडीत कव्हर कापून बकल वर काढलेत. मालक ओरडला, ओरडू दे.

दुसरी गोष्ट. बोरघाटात उतारावर पुढच्या कंटेनरने एकदम ब्रेक मारला, मीही मारला. कुठे धडकलो नाही. पण मागे आडवे झोपलेले साहेब पुढे घसरले आणि त्यांचा गुडघा सीटमधून माझ्या कमरेत बसला. नुसत्या ब्रेकला ही गत. ५० च्या वेगात गाडी भिंतीला धडकली तर आतल्या माणसाचा वेग १० मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो, आणि तो माणूस माझ्या पाठीशी बसलाय. माझी मुलगी नर्सिंग शिकते, तिने दाखवलं: २००२ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात जपानी अपघातांचा अभ्यास आला होता. मागच्याने बेल्ट लावला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याचा मरायचा धोका जवळजवळ पाचपट. म्हणून तुमची आत्या फक्त तिच्या जिवाचं ठरवत नाहीये, पौडरोडकर. तुमच्या बायकोचंही ठरवतेय.

सक्ती मला का हवी ते सांगतो. गिऱ्हाईकाला "साहेब, पट्टा लावा" म्हटलं की तोंड वाकडं होतं. ड्रायव्हर आपल्याला शिकवतो? ॲपवर तारे कमी. पण "साहेब, पुढे पोलीस आहेत, दंड पडेल" म्हटलं की मुकाट्याने लावतात, कुणाचा मान जात नाही. माझ्यासारख्याच्या शब्दाला वजन नसतं, कायद्याचं उसनं घ्यावं लागतं. २०२२च्या सप्टेंबरात पालघरजवळ गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागचे दोघे बेल्टशिवाय होते, दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. त्यानंतर थोडे दिवस लोक स्वतःहून बकल शोधायचे. मग पुन्हा पोलिसांचं नाव काढावं लागलं.

दंड मात्र पॅसेंजरला हवा, ह्यात मी तुमच्या बाजूने आहे. झोप त्यांची, मर्जी त्यांची, चलन आमचं, हे बरोबर नाही.

शनिवारातला शहाणा:
दुसऱ्याचं नुकसान होतंय म्हटल्यावर मिलची अट पुरी होते, मागच्या सीटपुरतं मान्य. गाडीत एकटा असणाऱ्याला मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

घाटातला गाडीवाला:
एकटा असेल तर माझी हरकत नाही. फक्त बेल्ट काढून एअरबॅगच्या भरवशावर बसू नका. बेल्ट माणसाला जागेवर धरतो हे गृहीत धरूनच ती फुगते. तुम्ही आधीच पुढे फेकले गेलात तर तीच तोंडावर आदळते. बेल्ट नसला की वाजणारा बझर गप्प करायला बकलमध्ये खोटी क्लिप खोचणारेही आहेत. २०२३ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांतून असल्या क्लिपांच्या विक्रीच्या १३,११८ नोंदी काढायला लावल्या. बझर बंद करायला पैसे मोजतात, काय म्हणावं!

पौडरोडकर:
पाचपटवालं बायकोला वाचून दाखवलं. आता आत्याशी बोलणी तीच करणार आहे, मला त्यात पडायचं नाही. दंडाबद्दल माझं मत तेच आहे, १००० रुपये प्रवाशाच्या नावावर पडले पाहिजेत.

वारज्याची सुनबाई:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या जुन्या गाडीत मागे मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही. सासूबाई तिथेच बसतात. तो लावला तरी चालतो का?

घाटातला गाडीवाला:
लावाच, ताई. फक्त पोटावरून नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसवा. आणि कडेची जागा रिकामी असेल तर त्यांना तिथे बसवा, तिथे खांद्याचा पट्टा मिळतो. आधी बकल कव्हरखाली गेलंय का तेवढं बघून घ्या.