मैत्रिणीशी बोलणं वेगळं
"बोलायचंच तर मैत्रिणीशी बोलावं, पैसे कशाला मोजायचे?" असं नवरा-बायकोच्या समुपदेशनाबद्दल कुणीतरी विचारलंय. मलाही तसंच वाटायचं. पण मैत्रिणी माझीच बाजू घ्यायच्या आणि घरी भांडण पुन्हा तिथूनच सुरू. समुपदेशक बाईंनी वेगळंच सांगितलं. नवरा बोलला की आधी त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच" म्हणाला की मगच उत्तर. पहिल्या दिवशी तीनदा चुकले, रडूच आलं. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे हट्टी विचार तपासून बदलायची रीत, शिकले: 'त्याने विचारलंच पाहिजे' याऐवजी 'विचारलं तर बरं वाटेल'. माझा राग खरंच निम्म्यावर आला. मात्र घरात मारहाण होत असेल तर समुपदेशनाला जोडीने बसू नका, आधी एकटीने जाऊन समुपदेशकाशी बोला.