शब्दचर्चा : ‘आदेशाची एकवाक्यता’ म्हणजे नक्की काय?

विचारणा, कुपवाड
ओतशाळेतल्या सुपरवायझरांच्या प्रशिक्षणासाठी फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ आंरी फेयॉलच्या व्यवस्थापनाच्या चौदा तत्त्वांचा तक्ता मराठीत लावायचा आहे. ‘युनिटी ऑफ कमांड’ला ‘आदेशाची एकवाक्यता’ आणि ‘युनिटी ऑफ डायरेक्शन’ला ‘निर्देशनाची एकवाक्यता’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. वेगळे, साधे शब्द सुचवा.

सातारा
घोळ ‘एकवाक्यता’तच आहे. एकवाक्यता होते ती अनेकांची. पंचांची एकवाक्यता झाली म्हणजे पाचही जण एकच बोलले. फेयॉलला हुकूम देणारं तोंडच एक हवं आहे. दोन वरिष्ठांचं आज एकमत असलं तरी उद्या फाटणार, आणि मधला माणूस दोन घरचा पाहुणा होऊन उपाशी राहणार. तक्त्यावर सरळ ‘एकच वरिष्ठ’ लिहा.

दुसरं तत्त्व माणसाबद्दल नाही, कामाबद्दल आहे. ज्या कामांचं उद्दिष्ट एक, त्यांना प्रमुख एक आणि आराखडाही एक. म्हणून ‘एकच आराखडा’. ‘निर्देशन’ टाळा. नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण या व्यवस्थापनाच्या कामांच्या यादीत तो शब्द आधीच अडकलाय.

वाळवा
ऊसतोडीत दोन्ही तत्त्वं शेजारी शेजारी दिसतात. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर आणि उसाच्या जातीवर बसतो. साधारणपणे आडसाली (पावसाळ्यात लावलेला) आधी, मग पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरचा), मग ‘सुरू’ (जानेवारी-फेब्रुवारीचा) आणि खोडवा (तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटलेला). हा एकच आराखडा. प्रत्येक गटाने आपला क्रम लावला तर कोवळा ऊस आधी तुटतो आणि आडसाली तुरा येऊन वजनाला बसतो.

एकच वरिष्ठ मात्र फडात. कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, सांगणार मुकादम. चिटबॉयने, म्हणजे कारखान्याच्या माणसाने, तोडणीची चिठ्ठी मुकादमाकडे द्यायची, शेतकऱ्याने ‘बुडातून तोडा’ म्हणायचं तेही मुकादमालाच. दोघं थेट टोळीला सांगू लागले की निम्मी टोळी एका सरीत, निम्मी दुसरीकडे, आणि गाडी भरायला मोळ्याच नाहीत.

तक्त्यात हे उदाहरण घेतलंत तर एक लक्षात ठेवा. ‘दहा कोयते’ म्हणजे दहा माणसं नव्हेत. एक कोयता म्हणजे जोडी, बहुधा नवरा-बायको.

मिरज
ओतशाळेसाठी वाळूचंच उदाहरण घ्या. ओल्या वाळूच्या साच्यात पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं. जास्त झालं की वाफेला बाहेर वाट मिळत नाही आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडतात; कमी पडलं की साच्याची कड ढासळून वाळू धातूत जाते. उत्पादनाचा सुपरवायझर म्हणतो ‘बॅच सोड’, दर्जा तपासणारा म्हणतो ‘अजून दोन मिनिटं फिरव’. मिक्सरवरचा माणूस जो जवळ उभा असेल त्याचं ऐकतो.

यावर तोड अशी : तपासनिसाने ओलीचा आकडा सुपरवायझरला द्यायचा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर बॅच थांबवायचा हक्क तपासनिसाला लेखी असावा. पुढे काय करायचं ते मात्र मिक्सरवाल्याला सुपरवायझरच सांगेल. थांबवण्याचा हक्क म्हणजे हुकूम देण्याचा हक्क नव्हे.

‘शास्त्रीय व्यवस्थापन’वाल्या अमेरिकन फ्रेडरिक टेलरला याच तक्त्यात कोंबू नका. त्याच्या योजनेत एका कामगारावर आठ फोरमन होते, चार नियोजनाच्या खोलीतले आणि चार शॉपमधले, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामावरचे. फेयॉलने १९१६ च्या पुस्तकात याच गोष्टीवर हरकत घेतली होती. व्यवस्थापनशास्त्रात ‘अभिजात’ म्हणून दोघं एका बाकावर बसवले जातात, पण या एका मुद्द्यावर ते समोरासमोर आहेत.

कुपवाड
मग ‘ऑर्डर’, ‘इक्विटी’ आणि ‘स्केलर चेन’?

सातारा
‘ऑर्डर’ला ‘आदेश’ लिहिणं सरळ चूक. इथे अर्थ ‘जागच्या जागी’. पॅटर्नला, म्हणजे साच्याच्या नमुन्याला, रॅकवर ठरलेली जागा, तसा माणूसही त्याला जमेल त्या कामावर. ‘सुव्यवस्था’ चालेल, पण ‘जागच्या जागी’ लवकर कळेल.

‘इक्विटी’ला ‘समता’ नको. आपल्याकडे समता म्हणजे सगळे सारखे. तो शब्द फुले आणि राज्यघटनेमुळे मनात पक्का बसलाय. फेयॉल इक्विटी म्हणतो ती न्याय आणि आपुलकी यांची जोड. ठरलेले नियम पाळणं हा त्याच्या लेखी नुसता न्याय. आटपाडीकडे पाणीवाटपाच्या चळवळीने ‘समन्यायी’ शब्द रुजवलाय, तो जवळचा आहे. आपुलकीची छटा मात्र त्यात येत नाही. ‘न्याय आणि आपुलकी’ असे दोन शब्द लिहिले तरी बिघडत नाही.

‘स्केलर चेन’ला, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या वरिष्ठांच्या साखळीला, ‘अधिकारांची उतरंड’.

मिरज
उतरंड नको. एक तर ‘जातींची उतरंड’ हा अर्थ आधी आठवतो. दुसरं, उतरंडीत सगळा भार तळच्या मडक्यावर असतो, आणि फेयॉल जबाबदारी वर मोजतो, अधिकाराबरोबर. ‘पदांची साखळी’ बरी.

सातारा
मान्य. पण साखळीसोबत फेयॉलने आडवी फळीही दिली आहे, ‘गँगप्लँक’. तिला आपला ‘साकव’ चपखल बसतो. ओढ्यावर दोन काठ जोडणारा लहान पूल, पाटण-जावळीकडे कुणालाही सांगावा लागत नाही. त्याच्या आकृतीत दोन शिड्या वर ‘ए’पाशी मिळतात. एका शिडीवरच्या ‘एफ’ला दुसरीवरच्या ‘पी’शी बोलायचं तर ई, डी, सी, बी, ए असं चढून एल, एम, एन, ओ, पी असं उतरायचं. दहा टप्पे जायला, दहा परत. साकव टाकला की एकच.

मिरज
साकवाच्या चित्राखाली दोन्ही अटी लिहा, नाहीतर साखळीच तुटली असं लोक समजतील. ‘एफ’ आणि ‘पी’ यांच्या लगतच्या वरिष्ठांची, म्हणजे ‘ई’ आणि ‘ओ’ यांची, आधी परवानगी हवी. आणि जे ठरलं ते दोघांनी आपापल्या वरिष्ठाला लगेच कळवायचं. शॉपमध्ये पहिली अट तोंडी निभावते. चुकते ती दुसरी. पॅटर्नवाला आणि मोल्डर आपसात पॅटर्नची दुरुस्ती ठरवतात, पाळी बदलते, आणि पुढच्या पाळीच्या सुपरवायझरकडे जुनंच ड्रॉइंग असतं. तेव्हा ‘कळवायचं’ असं मोघम न लिहिता ‘पाळी संपण्याआधी नोंदवहीत’ असं लिहा.