कोरियन कंपनीशी पहिलंच काम: काय सांभाळावं?

प्राची_चाकण:
नमस्कार. चाकणला आमचं प्रेस पार्ट्सचं (पत्रा दाबून केलेल्या सुट्या भागांचं) घरचं युनिट आहे. पुढच्या महिन्यात एका कोरियन कंपनीची परचेस आणि क्वालिटीची माणसं ऑडिटला येतायत. जमलं तर मग आम्हाला कोरियात चांगवॉनला जावं लागेल. बोलणार बाबा आणि मी. बाबा शाकाहारी आहेत, पीत नाहीत. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगा. व्हिडिओंमध्ये वाकायचं कसं एवढंच दाखवतात.

टूलरूम:
रांजणगावात कोरियन साहेबांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. येणाऱ्यांची यादी हुद्द्यांसकट आधीच मागवून घ्या. देरी, क्वाजांग, छाजांग, बुजांग असा चढता क्रम असतो. हाक मारताना आडनाव, हुद्दा आणि पुढे 'निम': किम बुजांगनिम. काही कंपन्यांनी हल्ली हे हुद्दे काढून टाकलेत, तेव्हा कार्डावर काय छापलंय ते बघा. कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, वाचा, समोर टेबलावर ठेवा. लगेच खिशात घालू नका. दारापासून लांबची खुर्ची त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठांना. तुमच्याकडून सुरुवात बाबांनी करावी.

पण ऑर्डर याने मिळत नाही. निर्णय बैठकीत होतच नाही. सोबत आलेला ज्युनियर परत जाऊन टिपण लिहितो आणि त्यावर खालून वरपर्यंत सह्या होतात. त्या पोराला टिपणासाठी माल द्या: एक पान, आकडे, फोटो, डायची (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची) क्षमता. त्याचे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी त्याच दिवशी उत्तर पाठवा. "तपासून कळवतो" म्हणाले आणि तारीख दिली नाही, तर बहुतेक वेळा तो नकारच असतो.

आणि आपलं ते "होऊन जाईल" कटाक्षाने टाळा. ते वहीत तारखेसकट लिहून घेतात. डाय तुटली, पत्रा उशिरा आला, तर त्याच दिवशी कळवा: कारण काय, आज काय करतोय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. वाईट बातमी ते पचवतात. ती उशिरा कळली तर मात्र त्यांच्या माणसाला वरिष्ठांसमोर मान खाली घालावी लागते, आणि ते विसरलं जात नाही.

सोलवासी:
जेवणाचं मी सांगते. शाकाहाराचं आधीच लेखी कळवा, जेवण ठरवणाऱ्या ज्युनियरलाच. किमचीत (आंबवलेल्या भाजीत) बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, भाजीच्या सूपचा रस्साही अनेकदा सुक्या माशांचा. बिबिंबाप (भाज्या घालून कालवायचा भात) मांस आणि अंडं वगळून मागता येतो, सॉसचंही विचारून घ्या. बौद्ध मठांच्या पद्धतीच्या जेवणात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नाही. तसं हॉटेल जवळ असेल तर बाबांना उत्तम.

पीत नाही हे सुरुवातीलाच सांगावं, हल्ली कुणी फार आग्रह धरत नाही. पण ग्लास रिकामा ठेवू नये. सरबत घ्या, ज्येष्ठांचा ग्लास दोन्ही हातांनी भरा. चमचा किंवा चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, पितरांच्या पानावर भातात चमचा तसा खोचतात.

माणगावकर:
ऑडिटला आलेल्यांना महागडी भेट नको, पुरवठादारांकडून काही घ्यायला पुष्कळ कंपन्यांत बंदी असते. काजूचा साधा डबा सगळ्यांसाठी मिळून पुरे. चांगवॉनची तारीख छुसक आणि सल्लाल या सणांत नको, सगळा देश गावी निघालेला असतो. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. आपले अडीच वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा.

प्राची_चाकण:
खूप आभार! दुभाषी त्यांचा चालेल का आपला घ्यावा?

टूलरूम:
आपला घ्या, आणि ड्रॉइंग त्याला आठवडाभर आधी द्या. बर (कापलेल्या कडेची धार), पिच (दोन भोकांमधलं अंतर), स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा उलटणं) हे शब्द त्याने शॉपवर फिरून डोळ्यांनी बघितलेले हवेत. बोलताना मात्र बघायचं पाहुण्यांकडे, दुभाष्याकडे नाही.