आधी मीच लेकीला उठवत होते!

पाच आठवड्यांचं बाळ दिवसा ढाराढूर आणि रात्री टक्क जागं, असं तुम्ही लिहिलंय. अहो, रात्र कशाशी खातात हेच त्याला अजून माहीत नाही! झोप आणणारं मेलाटोनिन ठरावीक वेळी तयार व्हायला साधारण २-३ महिने जातात. तोवर सवय वगैरे विसरा, नुसत्या खुणा द्या. दिवसा पडदे उघडे, घरातले आवाज नेहमीसारखे, पाजताना भरपूर गप्पा. रात्री मिणमिणता दिवा आणि तोंडाला कुलूप.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट सांगते. माझी लेक रात्री कण्हायची, पाय झाडायची, की मी लगेच उचलायचे. एकदा इतकी दमले होते की हात पुढे करून तशीच बसून राहिले. बघते तर हिचे डोळे मिटलेलेच! दोनदा ओठ हलले आणि पुन्हा गाढ. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी चुळबुळीचीच असते. तेव्हा खरंच रडू फुटतंय का, ते अर्धा-एक मिनिट थांबून बघा.

वर कुणीतरी पालथं झोपवा म्हटलंय, ते मात्र अजिबात नको. झोपवताना पाठीवरच, आणि जवळ उशी-दुलई काही नाही. बाटलीत पेज घालायचा सल्लाही सोडून द्या, सहा महिन्यांआधी फक्त दूध. २-३ तासांनी भूक लागणारच, पोट ते केवढंसं! एखादी फेरी नवऱ्याच्या गळ्यात घाला.