ईव्हीची बॅटरी चुरा करायला पाठवण्याआधी उघडून तर बघा! जुन्या पार्टवर गॅरेजवाल्यांचं पोट भरेल का?

वाइंडिंगवाला_सांगली

सांगलीत आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वडलांपासूनचं. सबमर्सिबल पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, असलं काम. दोन-तीन वर्षं झाली, इलेक्ट्रिक स्कूटरी पण यायला लागल्यात म्हणून हा विषय काढतोय.

मागच्या महिन्यात एक मास्तर आले, गाडी आधी झटके द्यायची आणि मग बंदच पडली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) गेला, नवीन १४ हजार, जुना इथंच जमा करा. मास्तरांनी जमा न करता आमच्याकडं आणला. उघडला तर आत सगळं काळ्या राळेत ओतलेलं, हीट गन मारून लाकडी पट्टीनं ती राळ खरवडायला मला आणि पोराला अख्खी दुपार गेली. आत करंट चालू-बंद करणारे १२ मॉस्फेट, त्यातले दोन शॉर्ट आणि एक कॅपॅसिटर फुगलेला. दोनच बदलून भागत नाही कारण बाकीच्यांनीही ताण खाल्लेला असतो, म्हणून १२ च्या १२ एका लॉटचे टाकले. सामान ९०० चं, मजुरी १५००. मास्तर रोज त्याच गाडीवर शाळेत जातायत.

तर माझं म्हणणं असं की ईव्हीचं रिसायकलिंग म्हटलं की जो तो बॅटरीचा चुरा करून लिथियम काढायचं बोलतो, सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये १५०० कोटींची योजना मंजूर केली तीपण असल्याच खनिजांसाठी. अहो चुरा ही शेवटची पायरी! त्याच्या आधी कंट्रोलर, मोटर, चार्जर आणि बॅटरी पॅक, म्हणजे बरेच सेल जोडून केलेला डबा, तोसुद्धा नीट करून परत रस्त्यावर आणता येतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, टायर रिमोल्ड, स्टार्टर बांधणं, यावर तालुक्या-तालुक्यात घरं चाललीच ना? कंपन्यांनी पॅक उघडता येईल असा बांधावा आणि बीएमएसमधली (पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) माहिती वाचू द्यावी एवढा नियम हवा. बोला.

चाकणचा_इंजिनियर

दादा कंट्रोलरचं काम एक नंबर, त्याबद्दल वाद नाही. पण पॅक त्याच यादीत घालू नका, कळकळीनं सांगतोय. मी पॅक असेंब्ली लाइनवर काम करतो. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात स्कूटर पेटली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, तसल्या आगींनंतरच बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस १५६ नियम कडक झाला. पाणी आत जाऊ नये, एक सेल तापला तर शेजारचा पेटू नये, यासाठी ते गोंद आणि ती राळ असते, गॅरेजवाल्याला अडवायला नाही.

आमच्याकडं ट्रेनिंगमध्ये दाखवलेलं सांगतो. एका सेलवर मुद्दाम खिळा ठोकला. आधी नुसती शिट्टीसारखी हवा सुटली, मग करडा धूर, आणि दहा सेकंदांत जाळ. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, फुप्फुसं जाळतो तो. तुमच्या दुकानात पोरगा शेजारी बसलेला असतो असं तुम्हीच लिहिलंय.

वाइंडिंगवाला_सांगली

इंजिनियर साहेब, पोराचं वाचून मलाही धस्स झालं, खोटं कशाला बोलू. पण मी सेल फोडत नाही, फोडायचं म्हणतही नाही. परवाच एक लोहफॉस्फेटचा (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) पॅक आला होता, १६ सेलची सिरीज, ५१.२ व्होल्टचा. १५ सेल ३.२८ ला आणि एकच २.४ ला. त्या एकापायी बीएमएस सगळंच बंद करतोय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं पूर्ण पॅक बदला. १५ चांगले सेल चुऱ्यात घालायचे हे मला पटत नाही बुवा.

जुनी_गाडी_नवा_मालक

मी सेकंड हँड दुचाकींचा व्यवहार करतो, मला हा धंदा होताना दिसत नाही आणि कारण सेफ्टी नाही, कारण भाव आहे. नवीन सेलचे भाव इतके पडलेत की जुना पॅक उघडा, तपासा, जुळवा, परत सील करा, यात जेवढी मजुरी जाते तेवढ्यात थोडे पैसे घालून गिऱ्हाईक नवीन घेतो आणि वर कंपनीची वॉरंटीपण मिळते. क्रँकचं उदाहरण इथं लागू होत नाही, नवीन क्रँक दरवर्षी स्वस्त होत नव्हता! त्यात आम्ही डीलर लोकांनी जुनी ईव्ही विकली की फायद्यावर १८ टक्के जीएसटी, आधी १२ होता. जुन्या गाडीलाच भाव नाही तर तिच्या जुन्या पार्टला कोण विचारणार.

पावडरवाली

मी बॅटरी रिसायकलिंगच्या प्लांटमध्ये केमिस्ट आहे. भाव पडलेत हे खरंय, पण त्याचा मार आम्हालापण बसतो. निकेल-कोबाल्टची बॅटरी आली तर चुऱ्याला किंमत आहे. आपल्याकडं मात्र लोहफॉस्फेट वाढतंय, त्यात ना निकेल ना कोबाल्ट. त्याच्या कॅथोड पावडरीत (सेलच्या धन टोकाचा माल) वजनानं जेमतेम साडेचार टक्के लिथियम, बाकी लोखंड, फॉस्फेट. म्हणजे ज्या पॅकचा चुरा परवडत नाही तोच सगळ्यात जास्त वर्षं टिकणारा पॅक आहे, मग तो दुरुस्त करून वापरणं हाच शहाणपणा, आणि हे मी माझ्याच प्लांटच्या पोटावर पाय देऊन लिहितेय.

दुसरं म्हणजे २०२२ चे बॅटरी वेस्टचे नियम. २०२६-२७ पासून ९० टक्के रिकव्हरी हवी, म्हणजे तेवढा माल परत काढायचा, ऐकायला भारी वाटतं, पण ते बॅटरीच्या वजनावर मोजतात. केसिंग, ॲल्युमिनियम, तांबं यांनीच वजनाचा बराच भाग भरतो आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते लिथियम वजनात किरकोळ. धातूवार टार्गेट पाहिजे होतं. हां, २०२७-२८ पासून नवीन ईव्ही बॅटरीत ५ टक्के आणि २०३०-३१ ला २० टक्के रिसायकल केलेला माल घालावा लागणार, ते चांगलं केलं.

आणि मोटरबद्दल कोणीच का बोलत नाही? एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटरमध्ये लागणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर लायसन लावलं आणि आपल्या दुचाकी कंपन्या उन्हाळा-पावसाळाभर मॅग्नेटसाठी वणवण करत होत्या. इकडं भंगारात मोटर गेली की तांबं काढतात आणि रोटर (फिरणारा भाग) तसाच लोखंडाच्या भट्टीत! त्याला चिकटलेल्या मॅग्नेटमधलं निओडिमियम कायमचं गेलं.

वाइंडिंगवाला_सांगली

ताई हे लाख बोललात. हब मोटरला जातं काय, तर बेअरिंग नाहीतर हॉल सेन्सर (रोटर कुठं आहे ते सांगणारा), पाणी शिरलं तर गंज. मॅग्नेटला सहसा काही होत नाही. आमच्याकडं आलेल्या एकाही मोटरचा मॅग्नेट मी अजून फेकलेला नाही, डब्यात जमवून ठेवलेत, घेणारा मात्र भेटला नाही.

डिलिव्हरी_पुणे

मी दिवसाला १०० किमी गाडी चालवतो, दोन्ही बाजूंना माझं ऐकावं लागेल. माझा पॅक एका गॅरेजमधून रीसेल करून (जुने सेल काढून दुसरे टाकून) घेतला होता, १६ हजार देऊन. चौथ्या महिन्यात रेंज निम्म्यावर. उघडून घेतला तर तीन वेगवेगळ्या रंगाचे सेल, सेल जोडणारी निकेलची पट्टी सोल्डरने चिकटवलेली. तो मालक म्हणाला तुम्ही फास्ट चार्ज केली असेल. १६ हजार म्हणजे माझ्या पोरीची वर्षाची फी होती. दादा तुमच्यासारखा कारागीर असेल तर ठीक, पण मला बाहेरून कसं कळणार कोण कसा?

चाकणचा_इंजिनियर

हेच तर म्हणतोय. सोल्डरच्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो, पट्टी स्पॉट वेल्डच पाहिजे. आणि १५ जुन्या सेलमध्ये एक कोरा टाकला तरी कपॅसिटी जुळत नाही, सहा महिन्यांत परत तीच रड.

वाइंडिंगवाला_सांगली

कोरा नाही टाकायचा, तेवढ्याच चाललेल्या दुसऱ्या पॅकमधला, कपॅसिटी आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजून. त्यासाठीच बीएमएसची माहिती मागतोय, किती वेळा चार्ज-डिस्चार्ज झाला, कुठला सेल कधीपासून मागं पडतोय. आता ती कंपनीच्या लॅपटॉपशिवाय दिसत नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-बाइक, ई-स्कूटरची बॅटरीच नाही तर त्यातले सुटे सेलसुद्धा स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आले पाहिजेत असा कायदा लागू होतोय. तिथं सेफ्टी कळत नाही असं तर नाही ना.

चाकणचा_इंजिनियर

माहिती खुली करावी हे मला मान्य, आमच्या मीटिंगमध्येही मी हे बोललोय. पॅक उघडण्यावर मात्र ठाम आहे, लायसन असल्याशिवाय नाही. २०२२ च्या नियमांत बॅटरी दुरुस्त करून विकणाऱ्याला प्रदूषण मंडळाकडं नोंदणी करावी लागतेच. तुम्ही केलीय का?

वाइंडिंगवाला_सांगली

नाही केलेली. म्हणून तो १६ सेलचा पॅक अजून तसाच ठेवलाय, रीडिंग लिहून मालकाला दिलं आणि सांगितलं थांबा. नोंदणीचे कागद गोळा करतोय. वाळूची पेटी आणि बाहेर पत्र्याची वेगळी शेड आधी करणार, पोराला तिथं येऊ देणार नाही.

डिलिव्हरी_पुणे

रीडिंग लिहून देता म्हणजे प्रत्येक सेलचं? तसा कागद मला त्या गॅरेजवाल्यानं दिला असता तर मी १६ हजार घातलेच नसते. हडपसर-मगरपट्टा भागात असं लिहून देणारं कोणी असेल तर सांगा, गाडी उभीच आहे.