मदत हवी आहे: स्ट्रिंग केली की तारीख एक दिवस मागे जातेय

मंडळी, जावास्क्रिप्टमध्ये अडकलोय. फॉर्मचा ऑब्जेक्ट सर्व्हरला पाठवायचाय, आधी नुसता प्लस लावून जोडला तर '[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]' आलं, ठीक, मग जेसन स्ट्रिंगिफाय (ऑब्जेक्टचा मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, करणारं फंक्शन) वापरलं तर युजरने 15 ऑगस्ट निवडली की स्ट्रिंगमध्ये 14 ऑगस्ट 18:30 आणि शेवटी झेड (यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची खूण)! म्हणजे आपले रात्रीचे 12 यूटीसीत साडेपाच तास मागे जातात, एवढं डोक्यात शिरलं, पण मला वेळ नकोच, फक्त तारीख हवीय. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून हाताने जोडू का? (महिना शून्यापासून मोजायचा, ते एक वेगळंच नाटक.)

शिवाय त्याच ऑब्जेक्टमधला मॅप (नाव-किंमत जोड्यांचा संच) गुपचूप नुसता रिकामा {} होतो, एररसुद्धा नाही. त्याचा आधी ॲरे करायचा की रिप्लेसर फंक्शन (स्ट्रिंग करताना प्रत्येक किंमत बदलू देणारं) लिहायचं? तुम्ही काय करता?