टोकियोतील गेम पार्लर, जुन्या कॅसेटींची दुकाने आणि खेळणाऱ्यांचे अड्डे : माहिती हवी आहे

निशीकासाईकर_नवा

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच पुण्याहून टोकियोला आलो असून निशी-कासाई येथे राहतो. पेठेतल्या गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ आणि ‘स्ट्रीट फायटर’ खेळत माझे बालपण गेले आणि माझ्या १३ वर्षांच्या मुलालाही आता ही गोडी लागली आहे. दांडी आणि बटणांची जुनी यंत्रे अजून कुठे चालू आहेत, निन्तेन्दोच्या ‘फॅमिकॉम’ या जुन्या घरगुती गेम यंत्राच्या कॅसेटी रास्त दरात कुठे मिळतात आणि जपानी भाषा न येताही इतर खेळाडूंमध्ये वेळ घालवता येईल असे ठिकाण कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. गेमच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकिहाबाराला जाऊन आलो. परंतु तेथे बाहुल्या उचलण्याची यंत्रेच जास्त दिसली.

गेमसेंटरप्रेमी

आपल्याला जे दिसले त्याचे कारण आर्थिक आहे. येथे एका खेळाचा दर पिढ्यानपिढ्या १०० येनचे एक नाणे इतकाच राहिला. उपभोग कर मात्र १९८९ मधील ३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये १० टक्क्यांवर गेला आणि नाण्याच्या खाचेतून ११० येन घेता येत नसल्यामुळे ही वाढ मालकांनाच सोसावी लागली. त्यात साथीचा काळ आला. सेगा या गेम कंपनीने २०२० च्या अखेरीस आपल्या गेम सेंटर व्यवसायाचा ८५.१ टक्के हिस्सा गेंडा या कंपनीला विकला आणि २०२२ पासून त्या केंद्रांवर ‘गिगो’ ही पाटी लागली. बाहुल्यांच्या यंत्रांवर मिळकत अधिक होत असल्याने तळमजला त्यांना दिला जातो, म्हणून अकिहाबारात नेहमी जिना चढावा. टायटो कंपनीचे ‘हे’ नावाचे केंद्र (होय, नावच तसे आहे) वरच्या मजल्यांवरील जुन्या नेमबाजीच्या आणि मारामारीच्या खेळांसाठी प्रसिद्ध आहे.

तरीही आपल्याला माझा पहिला सल्ला ताकादानोबाबा येथील ‘मिकादो’ या गेम सेंटरचा आहे. निशी-कासाईहून मेट्रोच्या तोझाई मार्गाने गाडी न बदलता तेथे पोहोचता येते. जुन्या खेळांच्या स्पर्धा तेथे नियमित भरतात, त्यांचे थेट प्रक्षेपणही होते आणि खेळणाऱ्याच्या मागे शांतपणे उभे राहून पाहणाऱ्याला कोणी हटकत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा येथेच मिळेल, कारण भाषेची गरज फारशी पडत नाही: पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन यंत्रांपैकी रिकाम्या यंत्रात नाणे टाकले की पलीकडच्या खेळाडूला आव्हान पोहोचते, जिंकणारा पुढे खेळत राहतो आणि हरणारा मागे कोणी थांबले असल्यास उठतो. काही केंद्रांत खेळाडूंसाठी एक वही ठेवलेली असते. तिच्यात लोक निरोप लिहून आणि चित्रे काढून ठेवतात. ती अवश्य चाळावी.

कॅसेटसंग्राहक

कॅसेटींविषयी लिहितो. अकिहाबारातील ‘सुपर पोटॅटो’ हे जुन्या गेमचे दुकान पाहावे, सर्वांत वरच्या मजल्यावरील छोट्या पार्लरमध्ये मुलाला खेळूही द्यावे; खरेदी मात्र तेथे करू नये, कारण परदेशी पर्यटकांच्या गर्दीमुळे दर चढलेले असतात. त्यापेक्षा तोझाई मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर, नाकानो येथे उतरावे. १९६६ साली उघडलेल्या ‘नाकानो ब्रॉडवे’ या इमारतीत जुन्या वस्तू विकणाऱ्या ‘मांदाराके’ची अनेक दुकाने आहेत. शहराबाहेरच्या बाजूला वापरलेल्या वस्तूंच्या ‘हार्ड ऑफ’ या दुकानाच्या शाखांमध्ये ‘जंक’ लिहिलेल्या टोपल्यांत कॅसेटी फार स्वस्तात मिळतात; मात्र त्या चालतील याची हमी दुकान देत नाही. ज्या खेळांत प्रगती साठवता येते त्यांच्या कॅसेटीत छोटी बॅटरी असते आणि इतक्या वर्षांनंतर ती संपलेली असण्याची शक्यता मोठी असते.

१९८३ चे मूळ फॅमिकॉम घेणार असाल तर त्याची जोडणी अँटेनाच्या वाटेने होते, त्यामुळे आजच्या टीव्हीवर चित्र आणणे जिकिरीचे ठरते. शिवाय जपानमधील वीज १०० व्होल्टची असल्याने त्याचा मूळ अडॅप्टर पुण्यात थेट लावता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक ‘टीव्ही गेम’च्या कॅसेटी फॅमिकॉमप्रमाणेच ६० पिनांच्या होत्या, तेव्हा घरी तसे जुने गेम यंत्र असल्यास येथून केवळ कॅसेटी नेल्या तरी भागू शकेल.

पालक_एदोगावा

वरील दोन्ही उत्तरांत मुलाचे वय राहून गेले. येथील गेम सेंटर १९८५ पासून करमणूक व्यवसायांच्या कायद्याखाली येतात. टोकियोत १६ वर्षांखालील मुलांना संध्याकाळी ६ नंतर एकट्याने थांबता येत नाही, पालक सोबत असल्यास रात्री १० पर्यंत परवानगी असते आणि १० नंतर १८ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसतो. कर्मचारी हे नियम काटेकोरपणे पाळतात, त्यामुळे शनिवारी दुपारी लवकर निघणे बरे.

शिबुयाच्या ‘पार्को’ इमारतीतील निन्तेन्दोचे दुकान २०१९ मध्ये सुरू झाले. मुलाला ते आवडेल. परंतु ते खरेदीचे ठिकाण आहे, अड्डा नव्हे. अकिहाबाराला पुन्हा जाताना कायाबाचो येथे हिबिया मार्गाची गाडी घ्यावी.